माकडखान्याचा पहिला नियम

पनवेल
६ ऑक्टोबर १९५७

ती. चंद्राताईस,
धर्मराजचा नमस्कार.

चिरनेरात मला 'वांदरांचा डागदर' म्हणतात हे तू कळवलंस. म्हणू देत. साठ पेशंट एका वेळी सांभाळणारा डॉक्टर साऱ्या कुलाबा जिल्ह्यात दुसरा नाही, आणि माझे पेशंट चावतातसुद्धा.

आई विचारते म्हणून परत सांगतो. पोरांचे पाय लुळे पाडणारा जो ताप आहे, त्याची लस मुंबईच्या संस्थेत तपासतात, आणि त्या कामाला माकडं लागतात. उत्तरेकडची लाल तोंडाची माकडं रेल्वेने कल्याणला आणि तिथून लॉरीने इथे गाढी नदीच्या काठी, आमच्या माकडखान्यात येतात. तीन महिने ती माझ्या ताब्यात असतात. या मुदतीत एकही जनावर आजारी नाही असं मी सही करून दिलं, की मुंबईला जातात. पुढे त्यांचं काय होतं ते मला ठाऊक आहे आणि आईला सांगायचं नाही हे तुला ठाऊक आहे. मी एवढंच बघतो, की माझ्याकडे असेपर्यंत एकाही जनावराला उपाशी, आजारी किंवा भेदरलेलं राहावं लागू नये. व्हेटरनरी कॉलेजात हे कोणी शिकवलं नाही. माझं मी शिकलो.

सगळ्यात भीती क्षयाची. एकाला झाला की वणवा. म्हणून दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाच्या वरच्या पापणीत बारीक सुईने औषध टोचतो. आजार असला तर तीन दिवसांत पापणी सुजते. पापणीतच का, तर ती लांबून दिसते, परत जाळं टाकून पकडायला नको. पहिली तपासणी झाली. साठच्या साठ स्वच्छ.

तू पाठवलेली तुझी चुलत जाऊ हौसाताई कामाला वाघ आहे. मी राखणदारांना पहिल्याच दिवशी तीन नियम सांगतो. वारा येतो त्या अंगाला उभं राहायचं. ताटली हाताने द्यायची नाही, सरकवायची. आणि पहिला नियम म्हणजे खात्या जनावराच्या डोळ्यांत बघायचं नाही, कारण रोखून बघितलं की माकडाला वाटतं हा मारायला आला. बाकीच्यांना महिना लागला. हौसाताई म्हणाली, "यात काय शिकायचा हाय? भुकेल्या मान्साचे तोंडाकरं पन बगू नये." त्या दिवसापासून मी तिला मुख्य राखणदार केलं.

वाटेत एक माकडीण व्यायली आणि मेली. तिचं पिल्लू वीतभर आहे. हौसाताईने नाव ठेवलं चिंगी. दिवसभर ती माझ्या सदऱ्यात असते.

दिवाळीसाठी पिंजऱ्यांना चुना काढला, त्याने घसा धरलाय. बाकी मी ठणठणीत.

तुझा धर्मा

*

चिरनेर
२७ ऑक्टोबर १९५७

चि. धर्मास आशीर्वाद.

भाऊबीजेला आलास तेव्हा घरात पाहुणे इतके की नीट बोलणं झालं नाही. पण बघणं झालं. वाळला आहेस. ओवाळताना टोपी कानावर उतरत होती. खाणावळीचं बंद कर, हौसाला दोन भाकऱ्या जास्त थापायला सांग.

माझ्या चौथीच्या वर्गात गोदू आहे, मागच्या वर्षी एक पाय गेला तिचा. तिला मी सांगितलं की माझा भाऊ त्या तापाच्या औषधाच्या कामावर आहे. ती म्हणाली, "बाई, मग माज्या भावाला तरी नाय ना होणार?" मी मास्तरीण असून तिची पाटी पुसत बसले. तेव्हा तुझी ती सही नीट कर. गावाने काही म्हणो.

हौसा आनंदात आहे वाचून बरं वाटलं. तिचा नवरा बळीराम दम्याने गेल्यापासून शिरढोणला दिराच्या दारात तिला कोणी बस म्हणत नव्हतं. तुझ्या या नोकरीने तिला स्वतःची चूल मिळाली. तिला जपून घे, तिला दुसरं कोणी नाही.

घशासाठी आल्याचा पाक पाठवते आहे. चिंगीला देऊ नकोस, तू घे.

तुझी ताई

*

पनवेल
२४ नोव्हेंबर १९५७

ती. ताईस नमस्कार.

चार तपासण्या झाल्या आणि चारही वेळा साठांच्या एकशेवीस पापण्या आरशासारख्या. मुंबईचे साहेब येऊन गेले. पिंजरे बघितले, वजनाची वही बघितली आणि म्हणाले, "घरत, असा स्वच्छ जथा मी बघितलेला नाही." मी नम्रपणे मान खाली घातली, पण नकार दिला नाही.

चिंगी एकसष्टावी. तिला दर दोन तासांनी दूध लागतं. आई आपल्याला पाजायची तसं मी आधी बोळ्यातला थेंब स्वतः जिभेवर घेऊन बघतो, कोमट असलं की तोच बोळा तिच्या तोंडात. पुस्तकात मनगटावर थेंब टाका असं लिहिलंय. पुस्तक लिहिणाऱ्याला आई नसावी. दूध पिऊन ती माझ्या सदऱ्यात शिरते, गळ्याशी डोकं टेकते आणि झोपते. मला खोकला आला की वैतागून वर बघते. हा खोकला थंडीचा. खाडीवरून पहाटे धुकं येतं आणि जनावरांसाठी शेगडी पेटती ठेवावी लागते, त्या धुराने सगळेच खोकतो.

तुझं टोपीचं खरं निघालं. मुबारक टेलरकडे पँट आवळायला टाकली तर म्हणतो, "डॉक्टरसाब, तीन महिन्यांत दुसऱ्यांदा. तुमचं खाना माकडं खातात काय?" मी म्हटलं, साठ जणांचा संसार आहे, कंबर राहील कशी. रात्री मात्र घाम फुटतो, भर थंडीत. कामाचा ताण. सही झाली की उतरेल.

हौसाताई बरी आहे. चिंगीवरून आमची भांडणं होतात. ती म्हणते मी पोरीला लाडावलं.

धर्मा

*

पनवेल
१५ डिसेंबर १९५७

ताई,

मायना लिहीत बसत नाही.

बुधवारी सहावी तपासणी केली. गुरुवारी सकाळी चिंगीची उजवी पापणी उघडेना. शनिवारपर्यंत अकरा पापण्या सुजल्या. सगळ्या पहिल्या रांगेतल्या, माझ्या टेबलाजवळच्या.

अशा वेळी नियम एकच आहे आणि तो मीच लिहून भिंतीवर लावलेला आहे. अकरांना मी स्वतः झोपेचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्याला करू दिलं नाही. चिंगीला शेवटी. ती नेहमीसारखी सदऱ्यात शिरायला बघत होती. उघडून बघितलं तर सगळ्यांच्या फुप्फुसांत पांढरे दाणे. शंका नाही.

आता नीट वाच. पाच तपासण्या स्वच्छ होत्या, म्हणजे आजार उत्तरेकडून आलेला नाही. नवीन जनावर आलेलं नाही. मग तो दोन पायांवर, फाटकातून आत आला. हे मी मुंबईला लिहून कळवलं. कोणाच्या पायांवर, तेही मला सापडलं. शुक्रवारी मी शेडमध्ये आलो तर हौसाताई भाकरीचा घास चावून, मऊ करून, तो लहान पिल्लांच्या ताटलीत घालत होती. म्हणाली, "दात नायत त्यांना, डागदर. पोरांना आमी असाच देतो." किती दिवस? पहिल्या दिवसापासून.

मी तिला त्याच क्षणी फाटकाबाहेर काढलं. ती कोयता आणि घोंगडी घेऊन गेली.

आता तू मला एकाच प्रश्नाचं खरं उत्तर दे. तिचा नवरा कशाने गेला?

धर्मराज

*

चिरनेर
१९ डिसेंबर १९५७

धर्मा,

क्षयाने गेला. दम्याने नाही.

मला माहीत होतं आणि मी लपवलं. क्षयाच्या माणसाची बायको म्हटलं असतं तर तू तिला फाटकात उभं केलं नसतंस. शिरढोणला तिची ताटवाटी वेगळी होती, ती तर खोकतही नव्हती. दोन वर्षं झाली त्याला, ती धडधाकट आहे, म्हणून मी ठरवलं की चालेल. शाळेत पोरं खोटं बोलली तर मी छडी देते. माझ्यासाठी कोणती छडी ते तू ठरव.

हौसा माझ्याकडे आली आहे. चालत. तीन दिवस झाले, जेवते आणि भांडी घासते. काल रात्री एवढंच म्हणाली, "चंद्रा, माज्या चावल्या घासानं पोरी मेल्या काय गं?" मी तिच्या अंगावर घोंगडी ओढली. तू असतास तरी काय सांगितलं असतंस?

गावात बातमी पोचली आहे. विहिरीवर बायका तिची घागर लांब ठेवायला सांगतात.

एक विचारते. तिला तपासल्याशिवाय तू तिला काढलंस. माकडाला तरी तीन दिवस देतोस.

ताई

*

पनवेल
२४ डिसेंबर १९५७

ती. ताईस,

तुझा राग समजू शकतो, पण तूच सगळा पुरावा हातात दिलास. नवरा क्षयाने गेलेला, चावलेला घास, लहान पिल्लं. कोर्टातसुद्धा एवढं लागत नाही. तू लपवलंस याचं मला वाईट वाटलं. अकरा जनावरं गेली, सही तर गेलीच, आणि साहेबांनी इथलं काम सहा महिने बंद ठेवलंय. तुझी गोदू मला दिसते आहे.

तरी तुझं शेवटचं वाक्य लागलं. सोबत चिठ्ठी आहे. ती घेऊन तिला मोरा बंदरातून लाँचने मुंबईला ने, छातीचा फोटो आणि थुंकी दोन्ही तपासून घे. खर्च माझा. औषधं आता चांगली निघाली आहेत, ती बरी होईल. मी तिच्यावर रागावलेलो नाही. पण परत कामावर घेणार नाही. मला जे दिसतं ते मी बघतो.

इथे मी एकटाच सगळं करतो. गेल्या आठवड्यात पिंजरे धुवायला सोडा जास्त घातला, त्याच्या वाफेने छातीत जळजळ होते. खोकताना पाठीत भाल्यासारखं टोचतं. दोन दिवस पडून राहिलो, आता उठलो.

धर्मराज

*

चिरनेर
९ जानेवारी १९५८

चि. धर्मास,

हौसाला घेऊन मुंबईला जाऊन आले. फोटो बघून डॉक्टर म्हणाले, बाईंची छाती माझ्यापेक्षा चांगली आहे. थुंकीत काही नाही. कागद सोबत जोडला आहे. शिक्का नीट बघ, तुला शिक्के आवडतात.

येताना लाँचमध्ये तिने डोकं माझ्या मांडीवर ठेवलं आणि मोऱ्याचा धक्का येईपर्यंत रडली. मी लोकांना बोट लागली म्हणून सांगितलं.

आता तू माझ्या वर्गात येऊन बस. काल रात्री तुझी पत्रं काढली आणि वह्या तपासाव्यात तशी लाल पेन्सिल घेऊन एकापुढे एक वाचली. ऑक्टोबरात तुझा घसा चुन्याने धरला. नोव्हेंबरात धुक्याने आणि शेगडीने. डिसेंबरात सोड्याने. धर्मा, चुना, धुकं, धूर आणि सोडा हे चौघं मिळून एका माणसाच्या मागे लागत नाहीत. ओवाळताना टोपी कानावर होती. पँट दोनदा आवळली. भर थंडीत रात्री घाम. हे सगळं तूच आपल्या अक्षरात लिहिलंस, आणि एकदाही मागे वळून वाचलं नाहीस. पहिल्या रांगेतल्या, माझ्या टेबलाजवळच्या, हेही तूच लिहिलंस. सदऱ्यात कोण झोपत होतं तेही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी घाबरलेले नाही. तू लहानपणी विहिरीत पडलास तेव्हाही मी आधी दोर सोडला, रडले नंतर. आजच्या आज मुंबईला जा. फोटो काढ. मला शहाणपणाचं उत्तर नको, कागद पाठव.

आईला काही सांगितलेलं नाही.

तुझी ताई

*

मुंबई, क्षयाचा दवाखाना
२६ जानेवारी १९५८

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

कागद पाठवतो आहे. डाव्या फुप्फुसात वर, रुपयाएवढं भोक. थुंकीत जंतू. डॉक्टर म्हणाले पाच-सहा महिने तरी जुनं असावं, म्हणजे पहिल्या जनावराला मी टोचलं त्याच्या आधीपासून.

तीनशे वेळा पापण्या बघितल्या. आरशासमोर रोज दाढी केली. आपल्याकडे कुसळ-मुसळाची म्हण आहे ती मी राखणदारांना सांगायचो.

ताई, चिंगीला मीच मारलं. सुईने नाही, त्याच्या महिनाभर आधी. माझ्या जिभेवरचा बोळा आणि माझ्या गळ्याशी तिचं डोकं. हौसाताई घास चावत होती ते वाईटच, तो नियम मोडलाच होता. पण तिचा घास स्वच्छ होता. विष माझ्या श्वासात होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि चोर स्वतः न्यायाधीश. इथे पहिल्या दोन रात्री मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या कॉटवरचा गिरणी कामगार आनंदा म्हणाला, "डॉक्टर, भिंत बरी होत नाही, माणूस होतो." मग उठलो आणि लिहायला बसलो.

मुंबईच्या साहेबांना तीन पानी पत्र पाठवलं. पहिलं, आजार माझ्याकडून आला, हौसाबाईंचा काही दोष नाही. दुसरं, त्यांना मुख्य राखणदार म्हणून मागच्या पगारासकट परत घ्यावं. तिसरं, यापुढे कोणत्याही माकडखान्यात जनावराच्या आधी माणसाची छाती तपासावी, दर सहा महिन्यांनी, आणि यादीत पहिलं नाव डॉक्टरचं असावं. साहेबांचं उत्तर कालच आलं. तिन्ही मान्य. उरलेल्या पन्नासांची तपासणी माझ्या जागी आलेले डॉक्टर करताहेत. दोन वेळा स्वच्छ निघाली.

मी बरा होणार. रोज एक इंजेक्शन आणि मूठभर गोळ्या आहेत. वर्ष लागेल. दहा वर्षांपूर्वी हा आजार म्हणजे तिरडीच होती, आता औषध आहे आणि मी हट्टी आहे. ते औषधसुद्धा आधी कुठल्या ना कुठल्या जनावरावर तपासलेलं आहे हे मी गोळी गिळताना रोज आठवतो. गोदूला सांग, मी काम सोडलेलं नाही.

हौसाताईला सरकारी पत्र जाईलच. पण माफी सरकारी कागदावर मागता येत नाही. ती माझं तोंड बघेल का, एवढं विचारून कळव.

तुझा धर्मा

*

चिरनेर
६ फेब्रुवारी १९५८

चि. धर्मास आशीर्वाद.

कागद मिळाला. वाचून मग रडले. दोर आधी सोडला होता, म्हणून चालेल.

आईला सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. तिने शनिवारी मारुतीला रुईच्या दोन माळा घातल्या, एक तुझी आणि एक 'त्या पोरींची'. कोणत्या पोरी ते मी विचारलं नाही.

हौसाला तुझं पत्र सबंध वाचून दाखवलं. चिंगीचं आलं तेव्हा तिने मला थांबवलं, अंगणात जाऊन आली आणि म्हणाली, "पुढं वाच." शेवटी तुझा प्रश्न विचारला. तिने चूल सारवायला घेतली. दुसऱ्या दिवशी घोंगडी आणि कोयता घेऊन पनवेलला कामावर गेली. निघायच्या आधी विहिरीवरच्या बायकांसमोरून, भरलेली घागर डोक्यावर घेऊन, सावकाश घरी आली होती.

आता ती तुझं तोंड बघेल की नाही ते मला माहीत नाही. तो तिचा हक्क आहे.

ताई

*

मुंबई, क्षयाचा दवाखाना
२ मार्च १९५८

ती. ताईस नमस्कार.

वजन पाच पौंड वाढलं. मुबारक टेलरला सांग, पँट उसवायची तयारी ठेव.

आज रविवार, भेटीचा दिवस. मी व्हरांड्यात बसलो होतो आणि फाटकातून हौसाताई आली. हातात फडक्यात बांधलेलं ताट, काखेत छत्री. मी उठून उभा राहिलो. आधी तिने बोट ओलं करून वारा कुठून येतो ते बघितलं, मग त्या अंगाला जाऊन दहा पावलांवर उभी राहिली. फडकं सोडलं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. ताट जमिनीवर ठेवलं आणि छत्रीच्या टोकाने माझ्याकडे सरकवलं. आणि तोंड फिरवून नारळाच्या झाडाकडे बघत उभी राहिली.

मला वाटलं, बरोबर आहे. आली हेच पुष्कळ. मी म्हटलं, "हौसाताई, माझ्या हातून अन्याय झाला. मी तुमचं न ऐकता तुम्हाला बाहेर काढलं. माफ करा." ती हलली नाही. मी म्हटलं, "माझं तोंड बघायचं नसेल तर नका बघू." तरी नाही. मग मी खाली बसलो आणि खायला लागलो, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. दोन महिन्यांत पहिल्यांदा अन्नाला चव लागली. भाकरी संपली, चटणी बोटाने पुसून खाल्ली. ती तेवढा वेळ झाडाकडेच बघत होती.

ताटलीचा आवाज थांबला तेव्हा तिने विचारलं, "झाला खाऊन?"

मी हो म्हटलं.

"मी रागावली नाय, डागदर. रागावली होती, ते सरला. तुमीच सांगलाव ना, खात्या जिवाचे डोल्यांत बगायचा नाय, तो भेतो."

मग ती वळली आणि तिने माझ्याकडे सरळ, डोळ्याला डोळा देऊन बघितलं. ताई, मान खाली घालायची पाळी माझी होती. पण मी घातली नाही. ती बघत राहिली तेवढा वेळ मीही बघितलं.

जाताना म्हणाली, पन्नासही जणं मजेत आहेत, आणि नव्या डॉक्टरची छाती तिने समोर उभं राहून तपासून घेतली.

तुझा धर्मा